फुली, रेघ आणि चौकोन

एक कोरा कागद घ्या. शाळेतल्या संगणकाकडे अजिबात न बघता, नुसतं आठवून, त्याच्या पडद्यावरच्या विंडोचा वरचा उजवा कोपरा काढा. तीन खुणा असतात तिथे. कुठली डावीकडे, कुठली मधे आणि कुठली अगदी टोकाला? रेघ बटणाच्या मधोमध असते की तळाशी? चौकोनाच्या चारही बाजू सारख्याच जाड असतात का?

आता संगणकासमोर जाऊन पडताळून पाहा. बहुतेकांची गाडी रेघेपाशीच अडते! रोज शंभरदा दिसणारी गोष्ट आपण नीट बघतच नाही. पण ही रेघ, हा चौकोन आणि ही फुली कुणीतरी बसून, डोकं लावून, एकेक ठिपका मोजून काढलेली आहे. आज आपण त्या कोपऱ्यात शिरणार आहोत.

आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या मुलांना हा कोपरा चांगलाच ओळखीचा आहे. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि कितीतरी ताई-दादांनी हातात पहिल्यांदा माउस धरला तो याच अभ्यासक्रमासाठी. पुढे शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. तिथले शिक्षक संदीप गुंड यांचं काम बघायला लांबलांबहून शिक्षक आले. म्हणजे माहुलीच्या डोंगरापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या आपल्या मुलुखातसुद्धा या तीन खुणा येऊन पोचल्या आहेत. त्या निघाल्या कुठून, ते आता बघू.

कोपऱ्यात काहीच नव्हतं तेव्हा

फार जुन्या संगणकांवर विंडोच नव्हत्या. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक खूण. जे काम करून घ्यायचं ते इंग्रजीत टाइप करायचं. एक अक्षर चुकलं की संगणक अडून बसायचा.

९ डिसेंबर १९६८ या दिवशी अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकाने भर सभेत एक नवलाची वस्तू दाखवली. हातात धरून सरकवायची छोटी पेटी. ती सरकली की पडद्यावरची खूणही सरकायची. हाच आपला माउस. त्याचा सगळ्यात पहिला नमुना तर लाकडी होता!

पाचेक वर्षांनी, १९७३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो गावी झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याच्यासाठी अ‍ॅलन के, डॅन इंगल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘स्मॉलटॉक’ नावाची प्रणाली बनवली. तिच्यात पडद्यावर एकावर एक चढलेल्या चौकटी, म्हणजेच विंडो, दिसायच्या. चटईवर वह्या पसरल्यावर एकीचा कोपरा दुसरीखाली जातो ना, अगदी तशा. ज्या चौकटीवर क्लिक कराल ती वर यायची.

आता सांगा, चौकट बंद कशी करायची? कोपऱ्यात फुली नव्हती, की दुसरी कुठली खूण नव्हती. माउसला तीन बटणं होती. त्यातलं ठरावीक बटण दाबलं की शब्दांची एक यादी उघडायची. हलव, मिटव, बंद कर. त्यातला हवा तो शब्द निवडायचा. म्हणजे कुठल्या बटणाने कुठली यादी उघडते हे आधी पाठ हवं, आणि इंग्रजी वाचताही यायला हवं. हुशार संशोधकांना ते सहज जमायचं. पण पहिल्यांदाच संगणकासमोर बसणाऱ्या माणसाने काय करायचं?

पावणेदोन लाख ठिपके

२४ जानेवारी १९८४ रोजी अ‍ॅपल कंपनीने ‘मॅकिंटॉश’ हा संगणक आणला. त्याचा पडदा जेमतेम नऊ इंचांचा. आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके. गुणाकार करून बघा : १,७५,१०४. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेल काळा किंवा पांढरा, तिसरा रंगच नाही. करडा रंग हवा असेल तर एक काळा, एक पांढरा, पुन्हा एक काळा असे ठिपके शेजारी शेजारी मांडायचे. लांबून डोळ्यांना ते करडे दिसतात. वर्तमानपत्रातला काळा-पांढरा फोटो भिंगाखाली धरून बघा, तिथेही ठिपक्यांचाच खेळ दिसेल.

एवढ्याशा सामग्रीतून विंडो काढायची होती. मॅकिंटॉशच्या कारागिरांनी काय केलं बघा. विंडोच्या माथ्यावर एक पट्टी ठेवली आणि तिच्या मधोमध विंडोचं नाव लिहिलं. नावाच्या दोन्ही बाजूंना सहा बारीक आडव्या रेघा काढल्या. पट्टीच्या डाव्या टोकाला एक छोटासा रिकामा चौकोन ठेवला. विंडो बंद करायची तर त्या चौकोनावर क्लिक करायचं. विंडो लहान-मोठी करायची चौकट खाली उजव्या कोपऱ्यात.

त्या सहा रेघा शोभेसाठी होत्या असं वाटेल. पण त्यांना काम होतं! पडद्यावर चार विंडो उघड्या असतील तर आपण टाइप केलेली अक्षरं कुठल्या विंडोत जाणार? जिच्या माथ्यावर रेघा असतील तिच्यात. बाकीच्या तिघींच्या माथ्यावरच्या रेघा पुसल्या जायच्या आणि बंद करायचा चौकोनही नाहीसा व्हायचा. एकही शब्द न लिहिता पडदा सांगायचा, की आत्ता ही विंडो जागी आहे.

एकावर एक चढलेल्या विंडो भरभर काढणं हेही सोपं काम नव्हतं. वरची विंडो हलली की खालच्या विंडोचा नेमका किती तुकडा उघडा पडला हे संगणकाने ओळखायचं आणि तेवढाच भाग रंगवायचा. अ‍ॅपलसाठी हे कोडं बिल अ‍ॅटकिन्सन यांनी सोडवलं. त्यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सचं केंद्र पाहिलं होतं आणि हे सगळं तिथे जमलेलंच आहे अशी त्यांची समजूत झाली होती. मग आपल्यालाही जमलंच पाहिजे म्हणून ते त्या कोड्याच्या मागे लागले आणि खरोखरच त्यांनी ते सोडवलं. नंतर कळलं, की झेरॉक्सवाल्यांना एवढं जमलेलंच नव्हतं!

याच मंडळींत सुझन केअर नावाच्या एक कलाकार होत्या. त्यांनी मॅकिंटॉशची चित्रं काढली ती आधी आलेखाच्या कागदावर, म्हणजे तुमच्या गणिताच्या तासाला लागतो त्या चौकटीच्या कागदावर. ३२ आडवे आणि ३२ उभे, मिळून १०२४ चौकोन. एक चौकोन म्हणजे एक ठिपका. एखादा ठिपका इकडचा तिकडे झाला तरी चित्राचा चेहरा बदलायचा.

करून पाहा : बोट उचलू नका!

संगणकावर एखादी रिकामी विंडो उघडा. फुलीवर माउसचं डावं बटण दाबा, पण बोट उचलू नका. बटण दाबलेलंच ठेवून माउस फुलीपासून दूर न्या आणि मग बोट उचला. काय झालं?

काहीच झालं नाही! विंडो आहे तिथेच आहे.

बटण दाबताक्षणी काम होत नाही. ज्या खुणेवर दाबलं त्याच खुणेवर बोट उचललं, तरच काम होतं. मधल्या वेळात तुमचं मन बदललं तर माघार घ्यायला वाट ठेवलेली आहे. मॅकिंटॉशच्या त्या छोट्या चौकोनातही हीच सोय होती. बोट दाबलेलं असेपर्यंत चौकोनाच्या आत रेघांचा छोटा झोत दिसायचा आणि माउस बाहेर नेला की तो विझायचा. एवढ्याशा खुणेतसुद्धा चुकणाऱ्या माणसाचा विचार केलेला आहे, हे लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला लागणार आहे.

सपाट पडद्यावर बटण फुगतं कसं?

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘विंडोज’ प्रणालीचं पहिलं रूप २० नोव्हेंबर १९८५ ला आलं. त्यात विंडो एकमेकींवर चढत नव्हत्या, शेजारी शेजारी बसायच्या. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या. आणि मे १९९० मध्ये विंडोज ३.० आलं, तेव्हा बटणं चक्क फुगलेली दिसू लागली! काच तर सपाट. मग उठाव आला कुठून?

जवळ जाऊन बघितलं तर युक्ती फार साधी आहे. बटणाचा चौकोन करडा. त्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला गडद करडी रेघ. एवढंच. बटण दाबलं की वरच्या आणि डाव्या कडा गडद व्हायच्या आणि बटण आत गेल्यासारखं वाटायचं. सोबत त्यावरची खूणही एक ठिपका खाली आणि एक ठिपका उजवीकडे सरकायची. काही रेघांचे रंग बदलले आणि आपल्या डोळ्यांनी बटण आत जाताना बघितलं!

यातला अर्धा खेळ संगणकाचा आणि अर्धा आपल्या मेंदूचा. माणसाने लाखो वर्षं उजेड बघितला तो वरून येणारा, सूर्याचा. त्यामुळे काहीही बघताना मेंदू धरूनच चालतो, की उजेड वरून पडतोय. वरची कड उजळ आणि खालची काळोखी दिसली, तर वस्तू वर आलेली आहे. उलट दिसलं, तर तिथे खळगा आहे. मूळचे तमिळनाडूचे आणि कॅलिफोर्नियात काम करणारे शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये नुसत्या छटा भरलेल्या गोलांची चित्रं दाखवून हे सुरेख सिद्ध केलं. गोलाची वरची बाजू उजळ ठेवली की तो फुगा दिसे, आणि चित्र उलटं केलं की तोच गोल खड्डा दिसे.

करून पाहा : म्हशीचा खूर आणि उलटा मोबाइल

हा प्रयोग आपल्याकडे फार छान होतो. पाऊस सरला आणि खाचरातला चिखल वाळू लागला, की त्यात म्हशींच्या खुरांचे ठसे उमटलेले राहतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर तिथे जा. सूर्याकडे तोंड करून उभे राहा, पण सूर्याकडे बघू नका. मोबाइल जमिनीकडे धरून एका ठशाचा फोटो काढा. फोटोत खळगा दिसेल : वरची बाजू सावलीत, खालची उन्हात.

आता मोबाइलचं आपोआप फिरणं बंद करा आणि फोटो उलटा धरून बघा. बहुतेकांना खळग्याच्या जागी टेंगूळ दिसू लागतं! चिखल तोच, फोटो तोच. मेंदूने मात्र उजेड वरूनच येतोय असं धरलं आणि खड्ड्याची टेकडी केली. विंडोजचं बटण याच गमतीवर उभं होतं.

एका रेघेचं कोडं

विंडोज ३.० मध्ये वर उजवीकडे दोन बटणं होती. एकावर खाली टोक असलेला त्रिकोण : विंडो लहान कर. दुसऱ्यावर वर टोक असलेला त्रिकोण : विंडो मोठी कर. आणि डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर एक लांबट आडवी पट्टी.

ही पट्टी कशाची? ओळखा बरं! ती होती कीबोर्डवरच्या स्पेसबारचं चित्र. ऑल्टचं बटण धरून स्पेसबार दाबला की डाव्या कोपऱ्यातली यादी उघडायची, म्हणून तिथे स्पेसबार काढला होता. आजच्या विंडोजमध्येही ऑल्ट आणि स्पेसबार एकदम दाबून बघा, बहुतेक विंडोंमध्ये ती यादी अजून उघडते.

विंडो बंद करायची तर याच पट्टीवर झटपट दोनदा क्लिक करायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि पट्टीकडे बघून सुचण्यासारखंही नव्हतं. शिवाय नवख्या माणसाला डबल क्लिक जमता जमत नाही. दोन क्लिकमध्ये वेळ जातो नाहीतर माउस हलतो. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, आठवत असेल त्यांना!

मायक्रोसॉफ्टची मंडळी पुढच्या आवृत्तीच्या तयारीला लागली तेव्हा त्यांनी एक फार शहाणपणाचं काम केलं. साध्यासुध्या माणसांना संगणकासमोर बसवलं, कामं दिली आणि ती कुठे अडखळतात ते बघितलं. चाचण्यांच्या ६४ फेऱ्या झाल्या, ५६० माणसांवर. त्यांना दिसलं, की डबल क्लिकपाशी नवखी माणसं अडतात. लहान केलेली विंडो दुसऱ्या विंडोमागे लपली, की आपलं काम गेलंच असं त्यांना वाटतं. तेव्हा बनवणाऱ्यांनी माणसांना दोष दिला नाही. त्यांनी पडदा बदलला.

२४ ऑगस्ट १९९५

त्या दिवशी विंडोज ९५ आलं आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन खुणा शेजारी शेजारी येऊन बसल्या. एका क्लिकमध्ये काम. प्रत्येक बटण १६ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच, म्हणजे सगळे मिळून २२४ ठिपके.

पहिली खूण रेघ. तेव्हा ती बटणाच्या अगदी तळाशी होती. का? लहान केलेली विंडो पडद्याच्या तळाशी असलेल्या नव्या पट्टीत जाऊन बसायची, म्हणून. रेघ सांगत होती, ‘मी खाली जाते, हरवत नाही.’ दुसरी खूण चौकोन. त्याची वरची बाजू मुद्दाम जाड काढलेली. ते पडदाभर पसरलेल्या विंडोचं छोटं चित्र आहे, आणि जाड बाजू म्हणजे तिच्या माथ्यावरची नावाची पट्टी! विंडो मोठी झाली की त्या जागी एकावर एक चढलेले दोन चौकोन येतात. तेही चित्रच : इतर विंडोंमध्ये परत जा.

तिसरी खूण फुली. ही आपण काढूनच बघू. चौकटीच्या वहीत ८ चौकोन आडवे आणि ७ उभे घ्या आणि असे काळे करा :

■■□□□□■■
□■■□□■■□
□□■■■■□□
□□□■■□□□
□□■■■■□□
□■■□□■■□
■■□□□□■■

अवघे २६ काळे ठिपके! प्रत्येक ओळीत दोन दोन ठिपके जोडीने का आहेत माहीत आहे? तिरप्या रेघेत एकेकच ठिपका ठेवला, तर ते फक्त टोकाला टोक टेकवून उभे राहतात आणि रेघ मरतुकडी दिसते. जोडीने ठेवले की फुली ठसठशीत होते. दोन्ही प्रकारे काढून, वही भिंतीला टेकवून चार पावलं मागे जा, फरक लगेच कळेल.

अजून एक बारकावा. रेघ आणि चौकोन यांची बटणं एकमेकांना चिकटलेली होती, पण चौकोन आणि फुली यांच्यात दोन ठिपक्यांची फट होती. मोठी करायला जावं आणि चुकून बंदच व्हावी असं होऊ नये, म्हणून दोन ठिपके मोकळे!

आणि या खुणा चित्रं म्हणून साठवलेल्याच नव्हत्या. त्या होत्या ‘मार्लेट’ नावाच्या एका फॉन्टमधली, म्हणजे अक्षरसंचातली, अक्षरं. फॉन्टमधलं अक्षर हवं तेवढं लहान-मोठं करता येतं, म्हणून ही सोय. आजही विंडोजमध्ये हा फॉन्ट असतो. वर्डमध्ये फॉन्टच्या यादीत एम अक्षराखाली तो शोधा. शून्य टाइप केलंत तर रेघ येईल, एक टाइप केलंत तर चौकोन, दोन टाइप केलंत तर जोडचौकोन आणि छोटा आर टाइप केलात तर फुली!

फुली आधीही होती

फुली काही विंडोज ९५ चा शोध नव्हे. १९८५ च्या अटारी एसटी या संगणकावर विंडोच्या डाव्या कोपऱ्यात फुलीसारखी खूण होती. स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीने १९८८ मध्ये आणलेल्या संगणकावर फुली उजव्या कोपऱ्यात होती. त्यात एक गंमत होती. तुम्ही काही लिहिलं आणि ते सेव्ह केलं नाही, तर फुली तुटकी दिसायची. सेव्ह केलं की फुली पुन्हा अखंड.

पुढे २००१ मध्ये अ‍ॅपलने बटणांना लाल, पिवळा आणि हिरवा रंग दिला. दिसायला सुंदर, पण काही मुलांच्या डोळ्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. मग त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी जागा ठरलेली आहे, आणि माउस जवळ नेला की बटणात खुणाही उमटतात. रंग, जागा आणि आकार, तिघांनी मिळून एकच गोष्ट सांगायची. एक नाही कळली तर दुसरी कळेल.

नाणेघाटातली रेघ

खुणांना अर्थ येतो कुठून, ते बघायला आता मुरबाडला येऊ. माळशेजच्या रस्त्याला वैशाखरे गावापुढे नाणेघाटाची वाट लागते. वर चढून गेलं की घाटमाथ्यावरच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञात काय काय दान दिलं, किती गाई, किती घोडे, किती नाणी, याचा त्यात हिशेब आहे. त्यात आकडे आहेत, आणि एकचा आकडा म्हणजे एक आडवी रेघ! दोनचा आकडा म्हणजे दोन आडव्या रेघा.

एकच रेघ. नाणेघाटाच्या दगडावर ती ‘एक’ सांगते. तुमच्या गणिताच्या वहीत ती ‘वजा’ सांगते. विंडोच्या कोपऱ्यात ती ‘खाली जा’ सांगते. तसंच फुलीचं. ती कशाचंच चित्र नाही. बाईंनी चुकलेल्या उत्तरावर मारली तर ‘चूक’, फुली-गोळ्याच्या खेळात मारली तर ‘माझी जागा’, विंडोच्या कोपऱ्यात दिसली तर ‘बंद’. खुणेला अर्थ माणसं देतात. सगळ्यांनी मिळून मान्य केला की तो टिकतो. म्हणूनच अशी खूण पहिल्यांदा बघताना ती कुणालाच कळत नाही, कितीही हुशार असला तरी. कुणीतरी सांगावी लागते किंवा करून बघावी लागते.

खुणेची ताकद बघायची तर मराठीकडे बघा. संगणकाला देवनागरी शिकवायला कितीतरी माणसं झटली. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक संस्थेने जिस्ट कार्ड दिलं. ते संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटायची. पवईच्या आयआयटीत पूर्वी शिकवणारे प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला आणि तो विंडोज २००० पासून विंडोजसोबतच येऊ लागला. वर वेलांटी, खाली उकार, मधे जोडाक्षर, या सगळ्यांना ठिपक्यांच्या चौकटीत जागा करून देणं फार अवघड काम. पण रेघ, चौकोन आणि फुली यांना यातलं काहीच लागलं नाही! विंडोजमधले शब्द मराठीत आले तेव्हाही या तिन्ही खुणा होत्या तशाच राहिल्या. इंग्रजी येवो वा न येवो, त्या सगळ्यांच्या.

बोट आलं आणि बटण वाढलं

पाष्टेपाड्यासारख्या शाळांमधून मुलं माउस न धरता थेट पडद्याला बोट लावून शिकू लागली, आणि मग एक नवा प्रश्न आला. माउसच्या बाणाचं टोक एका ठिपक्याएवढं असतं. तुमचं बोट? विंडोज ९५ चं ते बटण तुमच्या मोबाइलवर तेवढ्याच ठिपक्यांचं ठेवलं, तर बोटाखाली शेजारची दोन-तीन बटणंही दबतील. म्हणून बोटाने दाबायची जागा साधारण नऊ मिलिमीटरची असावी, असं अँड्रॉइडसाठी अ‍ॅप बनवणाऱ्यांना सांगितलेलं असतं. पट्टी घेऊन मोबाइलवरच्या खुणा मोजून बघा.

२०१४ मध्ये अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत पडद्याच्या तळाशी तीन खुणा आल्या : त्रिकोण म्हणजे मागे, वर्तुळ म्हणजे घर, चौकोन म्हणजे आधी उघडलेली अ‍ॅप्स. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन. ओळखीचे वाटतात ना? आपल्याकडच्या वारली चित्रांतली माणसं, झाडं, डोंगर आणि देवचौक याच तीन आकारांतून उभे राहतात. कमीत कमी रेघांत जास्तीत जास्त सांगायचं ही कला आपल्या पाड्यांतल्या भिंतींना फार आधीपासून येते. अशा मुलांनी उद्या जगासाठी खुणा काढल्या तर त्या किती सुंदर होतील!

आता तुमची पाळी

तुम्हाला एक काम देते. तीन कामांसाठी तीन खुणा काढा : ‘पाणी येण्याची वेळ’, ‘एसटीची वेळ’ आणि ‘आज शाळेला सुट्टी’. प्रत्येक खूण १६ बाय १६ च्या चौकटीत, फक्त काळे आणि पांढरे चौकोन वापरून. अक्षर एकही नाही.

मग खरी परीक्षा. तुमच्या खुणा कधीच संगणक न वापरलेल्या माणसाला दाखवा. आजीला विचारा, शेजारच्या काकांना विचारा, पहिलीतल्या भावंडाला विचारा. आधी अर्थ सांगायचा नाही. ते काय म्हणतात ते वहीत लिहा. ओळखलं नाही, तर त्यांना हसायचं नाही. चूक त्यांची नाही, खुणेची आहे. दोन ठिपके हलवा, एक रेघ कमी करा आणि पुन्हा विचारा. ५६० माणसांसमोर विंडोज ९५ अशाच तऱ्हेने सुधारलं होतं.

आणि आजीला काय कळणार, असं तर मुळीच म्हणू नका. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने गावातल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन अक्षरं शिकायला येऊ लागल्या. आयुष्यभर ज्या खुणा कळल्या नव्हत्या, त्या त्यांनी साठी-सत्तरीनंतर ओळखल्या आणि आपली सही केली. खूण शिकायला वय लागत नाही. नीट काढलेली खूण लागते आणि न हसता शिकवणारं माणूस लागतं.

तेव्हा उद्या शाळेत एखादं बटण तुम्हाला कळलं नाही, तर लाजून गप्प बसू नका. हात वर करा आणि विचारा. आणि तुमच्या शेजारच्याला कळलं नाही, तर त्याला सांगा. बटण कळत नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणूनच ती स्पेसबारची पट्टी गेली आणि फुली आली. तुमच्या तीन खुणा काढून, तपासून झाल्या की आमच्याकडे पाठवा. कुणाला काय वाटलं आणि तुम्ही काय बदललंत, तेही सोबत लिहा.